पकडले जाण्याची किंमत : ‘अशी ही बनवाबनवी’ पाहताना

गेल्या पावसाळ्यात आमच्या महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळाने ‘अशी ही बनवाबनवी’ हा चित्रपट दाखविला. मागणी विद्यार्थ्यांची होती. मी ‘सामना’ सुचविला होता, तो एकमताने फेटाळला गेला. बाहेर पनवेलचा पाऊस, आत पंख्यांची घरघर आणि बाकांवर दाटीवाटीने बसलेली साठ-सत्तर मुले-मुली. ती चित्रपट पाहत नव्हती, म्हणत होती. पडद्यावरच्या पात्राने तोंड उघडण्याआधी संवाद वर्गातून येत होता. हा चित्रपट १९८८ सालचा. त्या वर्षी या मुलांपैकी एकाचाही जन्म झालेला नव्हता, अनेकांच्या आईवडिलांची लग्नेही झालेली नव्हती. तरी त्यांना तो भूपाळीसारखा पाठ.

चित्रपट संपल्यावर रीतीप्रमाणे मी चर्चा सुरू केली. विनोदी चित्रपटानंतरच्या चर्चा बहुधा मिळमिळीतच होतात, ही त्याच वाटेने चालली होती. मग शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. एरवी तो वर्गात बोलत नाही. त्याने विचारले, “सर, लीलाबाईंनी ‘कोणते माने’ असं कसं काय विचारलं नाही?”

वर्ग हसला. मीही हसलो. पण हसता हसता लक्षात आले की वर्गात दोन प्रकारचे हसू आहे. काही मुले हा एक नवा विनोद म्हणून हसत होती. काही मुले प्रश्न ओळखून हसत होती आणि हसून झाल्यावर एकमेकांकडे पाहत होती. त्या मुलाला मी तिथे धड उत्तर दिले नाही. ‘चांगला मुद्दा आहे’ असे शिक्षकी वाक्य टाकून वेळ मारून नेली. ते उत्तर येथे देण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी चित्रपटाचे जे देणे आहे ते देऊन टाकतो. सचिन पिळगावकर यांचे दिग्दर्शन, वसंत सबनीस यांचे लेखन. कथा मुळात मराठी नाही. हृषीकेश मुखर्जींनी १९६६ साली ‘बीवी और मकान’ केला होता, त्यावरून हा घेतला. पुढे तीच कथा तेलुगू, कन्नड, पंजाबी अशी फिरत राहिली, कारण खोली न मिळणे हे दुःख कोणत्याही भाषेत भाषांतर न करता कळते. धनंजय माने हा पुण्यात सर्पोतदारांच्या घरी भाडेकरू. मित्रांना चोरून खोलीत घेतल्यामुळे त्याला घराबाहेर पडावे लागते. लीलाबाई काळभोर यांच्या बंगल्यात जागा आहे, पण अट अशी की बिऱ्हाड जोडप्याचे हवे. मग लक्ष्मीकांत बेर्डे यांचा परशुराम होतो पार्वती, धनंजयची बायको. सचिन यांचा सुधीर होतो सुधा, धनंजयच्या धाकट्या भावाची, शंतनूची बायको. पुढचा सगळा चित्रपट म्हणजे हे सोंग निभावून नेण्याची धावपळ.

सबनीस हे ‘विच्छा माझी पुरी करा’चे लेखक. लोकनाट्याची नाडी त्यांना ठाऊक होती. तमाशात सोंगाड्या घटकेत वेश पालटतो, घटकेत राजाला बनवतो आणि प्रेक्षकाला मात्र सारे आधीपासून ठाऊक असते. ‘बनवाबनवी’ला ही वगाची रीत वारशाने मिळाली आहे. प्रेक्षकाला गुपितात सामील करून घेतले की तो कटातला भागीदार होतो आणि भागीदार कंटाळत नाही. अशोक सराफ खोटे बोलताना चेहऱ्यावर जे प्रामाणिक कष्ट दाखवितात, त्याला मराठी चित्रपटात तोड नाही. बेर्ड्यांची पार्वती तर पदर सावरण्यात इतकी रुळलेली की थोड्या वेळाने आपण तिला पार्वतीबाईच समजू लागतो. बेर्डे आणि सिद्धार्थ रे, म्हणजे चित्रपटातला शंतनू, हे दोघेही २००४ साली गेले. त्यानंतर जन्मलेली मुले आज त्यांना पाहून लोटपोट होतात, ही गोष्ट लहान नाही.

अशा चित्रपटाला हल्ली ‘कल्ट’ म्हणतात. मराठीत पंथ म्हणावे. पंथ म्हटला की पाठांतर आले, खुणेचे शब्द आले, आतले आणि बाहेरचे आले. दारात उभा राहून धनंजय मान्यांची चौकशी करणारा तो प्रश्न हा या पंथाचा खुणेचा शब्द आहे. तो कळला तर तुम्ही मराठी, नाही कळला तर तुम्ही कालच गाडीतून उतरलेले. एखादी कलाकृती पिढ्यान्‌पिढ्या टिकली की आपली प्रस्थापित समीक्षा तिला ‘निखळ’ आणि ‘सार्वत्रिक’ अशी विशेषणे लावते. टिकणे मी मान्य करतो. सार्वत्रिकतेबद्दल मात्र दोन शब्द बोलायचे आहेत, कारण प्रत्येक पिढी तेच हसत असली तरी एकाच जागी बसून हसत नाही.

माझ्या घरात रसिकता वरून खाली आली नाही. वडील पनवेलच्या भातगिरणीत हमाल होते. घरात पुस्तक म्हणून एक पंचांग नव्हते की पोथी नव्हती. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, आणि पत्र्याच्या पेटीत माझे पाठ्यपुस्तक. ज्यांच्या घरी आजोबांनी नातवाला बालगंधर्वांचे पद ऐकवले, त्यांना परंपरा हा शब्द वापरणे सोपे जाते. आमच्याकडे कला आली ती आडवी आली, शेजारून, वस्तीतून, जयंतीच्या रात्री भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवरून. १४ एप्रिलला मिरवणूक संपली की वस्तीच्या चौकात टीव्ही मांडला जाई. पहिला चित्रपट बाबासाहेबांवरचा, १९९० साली आलेला ‘भीम गर्जना’. तो पाहताना बायका पदराने डोळे पुसत. मग दोन मिथुनचे, आणि पहाटेकडे, पोरे पेंगू लागली की त्यांना जागे ठेवायला, ‘बनवाबनवी’. एकाच रात्री एकाच पडद्यावर डोळे पुसणे आणि पोट धरणे, ही आमची चित्रपट-रसास्वादाची कार्यशाळा. वडील तेव्हा सर्वांत पुढे, जमिनीवर बसत. बेर्डे आले की टाळी देत.

पुढे चाळीजवळच्या एका गाळ्यात व्हिडिओ गेमची दोन यंत्रे आली. एक रुपयात एक खेळी. ‘कॉन्ट्रा’ नावाच्या खेळात सुरुवातीला तीनच जीव मिळतात. पण एक मंत्र होता. दोनदा वर, दोनदा खाली, मग डावे-उजवे, डावे-उजवे आणि शेवटी दोन बटणे. तो बरोबर साधला की तीस जीव. हा मंत्र कोणत्याही पुस्तकातून आमच्यापर्यंत आला नव्हता. मोठ्या पोराने लहान्याला सांगायचा, त्याने त्याच्याहून लहान्याला. फार वर्षांनी वाचले की जपानमधल्या काझुहिसा हाशिमोतो नावाच्या कामगाराने १९८६च्या ‘ग्रेडियस’ या दुसऱ्या खेळाची तपासणी करताना, आपल्यालाच तो खेळ जड जातो म्हणून ही सोय करून ठेवली होती आणि ती काढायची राहून गेली. हाशिमोतो २०२० साली वारले. एका थकलेल्या कामगाराची पळवाट पनवेलच्या हमालाच्या पोरापर्यंत तोंडी पोचली. मौखिक परंपरा म्हणतात ती हीच, फक्त तिच्यावर प्रबंध लिहिले जात नाहीत. आणि अशा यंत्रांची आणखी एक गोष्ट मला तेव्हा कळली नव्हती. सर्वाधिक गुण मिळाले की यंत्र तुमचे नाव मागते, पण तीनच अक्षरांत. आडनावाला जागाच नसते.

आडनावाला जागा नसलेल्या त्या गाळ्यातून बाहेर पडून मी शिकलो, बी. ए., एम. ए. झालो, तासिका तत्त्वावर शिकवू लागलो, लग्न झाले आणि २०१४ साली खोली शोधू लागलो. वस्तीतले घर दहा बाय बाराचे. आईवडील, आम्ही दोघे आणि माझी वाढत चाललेली पुस्तके. वडिलांना आयुष्यात कधी परक्या माणसाकडे खोली मागावी लागली नव्हती. वस्तीत जागा होती, आणि वस्तीबाहेर मागायची ही कल्पनाच त्यांच्या मनाला शिवलेली नव्हती. म्हणजे आमच्या कुळात घरमालकाच्या दारात उभा राहिलेला मी पहिला. शिक्षणाने माणूस जसा पुस्तकाच्या दारात जातो तसा घरमालकाच्या दारातही जातो, हे पहिल्या पिढीच्या पदवीधराला कोणी सांगत नाही.

न्यू पनवेलमध्ये एजंटने विचारले, “आडनाव?” मी सांगितले. आमचे आडनाव गावावरून पडलेले, ‘कर’ने संपणारे. कोकणात असल्या आडनावावरून लगेच काही कळत नाही. त्याने विचारले, “म्हणजे कोकणातले?” मी म्हणालो, “हो, महाडकडचे.” तो खूश होऊन म्हणाला, “मग आपलेच की!” मी गप्प राहिलो. त्या एका ‘आपलेच’वर मी त्या घरात अकरा महिने राहिलो.

पहिले दोन महिने बाबासाहेबांचा फोटो कपाटात होता. लग्नात ज्या फोटोसमोर आम्ही उभे राहिलो तोच फोटो, साड्यांच्या घडीखाली. बायकोने एकदाही बोलून दाखविले नाही, पण एका रविवारी मी बाजारातून आलो तर तो भिंतीवर होता. खिळाही तिनेच ठोकला होता. पुढच्या महिन्यात मालकीणबाई भाडे घ्यायला आल्या, पाणी प्याल्या, भिंतीकडे पाहिले, चांगले बोलून गेल्या. अकरा महिन्यांचा करार संपला तेव्हा समजले की त्यांचे नातेवाईक राहायला येणार आहेत. नातेवाईक खरेच येणार असतील. मनात शंका धरून जगणे बरे नव्हे, असे मी स्वतःला बजावले. ते घर पुढे चार महिने रिकामे होते. माझी वाट त्याच रस्त्यावरून जात असल्याने मला ते दिसत असे.

त्याच काळात एका रात्री टीव्हीवर ‘बनवाबनवी’ लागला. लीलाबाई जोडप्याची अट सांगतात त्या जागी मला नेहमी हसू येते. त्या रात्री आले नाही. म्हणजे चित्रपट वाईट झाला असे नव्हे. मला एवढेच जाणवले की पडद्यावर जे चालले आहे ते मी करून पाहिले आहे, आणि माझ्या वेळी कोणी हसत नव्हते.

खोलीसाठी आपण कोण आहोत ते लपवायचे, हे कथानक आमच्या इतिहासात जुने आहे. १९१७ साली बाबासाहेब कोलंबिया आणि लंडन येथे शिकून बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. उतरायला जागा नाही. एका पारशी सराईत व्यवस्थापकाच्या संगनमताने पारशी नाव नोंदवून राहिले. भाडे रोज दीड रुपया. अंधाऱ्या दिवाणखान्यात कंदिलाच्या उजेडात पुस्तके वाचत रात्री काढल्या. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी जिना चढून आले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची मुदत मिळाली. गावात दुसरी जागा कोणी दिली नाही. मग सार्वजनिक बागेत बसून राहणे आणि रात्रीची मुंबईची गाडी. आता नीट पाहा. यात वेश पालटणे आहे, खोटे नाव आहे, फितूर व्यवस्थापक आहे, उघडकीला येणे आहे. सबनीसांना हवे असलेले सगळे साहित्य यात आहे. एक हसू तेवढे नाही.

१९६३ साली बाबुराव बागुलांनी ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा दिली. गुजरातेत उधन्याला रेल्वेच्या नोकरीवर गेलेला तरुण, त्याला खोली हवी आहे, जात विचारली जाते आणि तो ती सांगत नाही. सहकारी मान देतात, घरी जेवायला बोलावतात. तरुणाच्या मनात घालमेल, वाचकाच्या मनात भीती. शेवटी जात कळते आणि तो बेदम मार खातो. काशीनाथ सपकाळ नसता तर जिवानिशी गेला असता. आमच्या अभ्यासक्रमात ही कथा आहे तेव्हा मी ती शिकवतो, आणि ‘बनवाबनवी’ मुले स्वतःच शिकून येतात. ही दोन्ही एकाच कथाबीजाची झाडे आहेत, हे माझ्या ध्यानात यायला तो मागच्या बाकावरचा मुलगा उभा राहावा लागला, याची लाज वाटते.

दोन्हींत फरक कोठे पडतो? लेखकाच्या स्वभावात पडतो असे प्रस्थापित समीक्षा म्हणेल. बागुल जळजळीत, सबनीस मिस्कील. मला ते अपुरे वाटते. फरक पकडले गेल्यावर काय होते त्यात आहे. धनंजय माने पकडला गेला तर त्याची खोली जाईल, थोडी फजिती होईल, दुसरी खोली शोधावी लागेल. ही किंमत प्रेक्षकाला परवडणारी आहे, म्हणून तो निर्धास्त हसतो. चित्रपटात अखेर सारे उघडे पडते आणि सारे गोड होते. बडोद्यात उघडे पडल्यावर काठ्या आल्या, उधन्याला लाथाबुक्क्या. सोंग तेच, पण उघडे पडण्याची किंमत जिथे अब्रू आणि जीव असते, तिथे तेच सोंग शोकांतिका होते. आणि ही किंमत लेखक ठरवीत नाही. समाज ती प्रत्येकाच्या जन्माबरोबर आधीच लावून ठेवतो. विनोदी आणि गंभीर हे वाङ्मयप्रकार आपण कलेचे नियम म्हणून शिकवतो. त्यांच्यामागे भाडेपट्टीसारखी एक जातवार दरपट्टी आहे, हे कोणत्या सौंदर्यशास्त्रात लिहिले आहे?

म्हणून मी म्हणतो की ‘बनवाबनवी’ सार्वत्रिक नाही. तो पकडले जाण्याची भीती नसलेल्यांचा चित्रपट आहे, आणि तो आम्हीही पाहतो, हे वेगळे.

याच जागी ‘माने’ या आडनावाची गंमत आहे. म्हसवडचे माने सरदार इतिहासात आहेत. ‘उपरा’ हे आत्मचरित्र १९८० साली लिहून साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळविणारे लक्ष्मण माने कैकाडी समाजातले. बौद्धांतही माने आहेत. म्हणजे माने हे आडनाव ऐकून काहीच निश्चित होत नाही, आणि भाड्याने घर देणाऱ्याला निश्चिती हवी असते. म्हणून पनवेलचा एजंट नुसते आडनाव ऐकून थांबत नाही. पुढचा प्रश्न गावाचा, मग शाकाहाराचा, मग ‘कोणते माने’. आमच्या विद्यार्थ्याने विचारले ते हेच. चित्रपटातल्या लीलाबाई लग्न झाले आहे का एवढेच पाहतात. लग्न हे खोटे सांगता येण्यासारखे कागद आहे. लुगडे नेसले की झाले. जातीचे लुगडे फेडून दुसरे नेसता येत नाही, म्हणून चित्रपटाने तो प्रश्न काढलाच नाही. काढला असता तर दुसऱ्याच रिळात हसू बंद पडले असते. ‘माने’ हे आडनाव लेखकाने हेतुपूर्वक निवडले असेल असे मी म्हणणार नाही. पण हे आडनाव कोणाच्याही दारावरच्या पाटीवर शोभते, आणि त्या पाटीमागच्या माणसाला दारात उभे राहून विचारलेला प्रश्न आमच्या कानाला वेगळा लागतो. इथे राहतात का? राहू देतात का?

माझे एक सहकारी हे ऐकून वैतागले. म्हणाले, “हसायच्या ठिकाणी तरी जात आणू नका हो.” सज्जन गृहस्थ आहेत, त्यांचा रोष मला समजतो. मी त्यांना विचारले की आपण शेवटची भाड्याची खोली केव्हा घेतली? त्यांना आठवेना. त्यांना घर वडिलांकडून मिळाले आहे. न आठवणे हीदेखील एक मालमत्ता आहे. २०१५ साली सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांतला भाड्याच्या घरांचा अभ्यास ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध केला. दलितांना घर नाकारले जाते आणि मुसलमानांना त्याहूनही अधिक नाकारले जाते, असे त्यात दाखविले आहे. जात हसण्याच्या ठिकाणी मी आणीत नाही. ती तिथे आधीच पोचलेली असते, एजंटच्या मागोमाग.

दुसरा आक्षेप आपल्याच बाजूचा आहे आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. चळवळीतला एक जुना मित्र म्हणाला, “मग कशाला दाखवतोस? त्यांची करमणूक त्यांना लखलाभ.” आपल्या समीक्षेने नकाराचे मोठे काम केले आहे. नकार नसता तर बागुल वाचले गेले नसते, मीही येथे लिहीत नसतो. पण नकाराच्या सवयीत आपण विनोदाला हातच लावला नाही. आत्मकथेवर आपल्याकडे ढीगभर लिहिले गेले. आपली माणसे रात्री जागून ज्यावर हसली त्यावर मात्र चार पाने नाहीत. माझे वडील चौकात जमिनीवर बसून हसत होते ते खोटे हसत होते काय? गिरणीत पोती वाहून आलेल्या माणसाला, मालकाला बनवणारा माणूस पाहून आनंद होत होता. घरमालक, शेठ, मुकादम, कोणी का असेना, ‘वरचा’ फसतो आहे. हा आनंद तमाशाच्या सोंगाड्याने आमच्या आजोबा-पणजोबांना दिला होता, आणि तमाशा उभा करणारी माणसे कोणत्या वस्त्यांतली होती हे या अंकाच्या वाचकाला सांगायला नको. वडिलांनी ‘बनवाबनवी’त आपला तमाशा पाहिला. त्यांना खोली शोधायची नव्हती, म्हणून ती गोष्ट त्यांना बोचली नाही. मला बोचली. माझ्या विद्यार्थ्याला बोचण्याआधी प्रश्न सुचला. एकच चित्रपट, तीन पिढ्या; यात कोणाचे पाहणे खरे आणि कोणाचे खोटे ठरवीत बसणे मला मान्य नाही.

आणखी एका विद्यार्थिनीने जाता जाता एक गोष्ट सांगितली, ती नोंदवून ठेवतो. ती म्हणाली, “सर, मुलगे बाई झाले की त्यांना खोली मिळते. आम्ही बाईच आहोत, तरी आम्हाला विचारतात, रात्री किती वाजता येणार.” ती कळंबोलीत तीन मैत्रिणींबरोबर राहते. पार्वतीच्या पोटुशीपणावर सगळा वर्ग हसत होता तेव्हा ती हसत नव्हती, हे मला नंतर आठवले. या बाजूने चित्रपटाकडे कोणा स्त्रीनेच लिहावे. ती बोलली तेवढे मला पुरे आहे.

पनवेलपुरते पाहिले तर हा प्रश्न आता वाढणार आहे. २०१६ साली महापालिका झाली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यासाठी उलव्याचा डोंगर कापला गेला आणि गावेच्या गावे उठली. ज्यांची घरे गेली त्यांतले काही आज भाड्याने राहतात, आणि ज्यांना मोबदल्यात भूखंड मिळाले त्यांतले काही इमारती बांधून भाडे घेतात. माझ्या वर्गात दोन्हींची मुले एका बाकावर बसतात. खारघर, कामोठे, खांदा कॉलनी येथे रोज कोणीतरी पिशवी घेऊन एजंटच्या टेबलासमोर बसलेला असतो. मोबाईलवर घर शोधण्याची सोय झाली आहे, तिथे तर प्रश्न विचारायलाही माणूस लागत नाही. नाव टाकले, फोन आला नाही, संपले. उत्तर न देणे हेच उत्तर. यावर सबनीसांनाही प्रहसन लिहिता आले नसते, कारण दारच नाही, तर दारातला गोंधळ कोठून आणणार?

मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी बागुलांची कथा वाचायला दिली. आठ दिवसांनी पुस्तक परत आणले. कशी वाटली विचारल्यावर म्हणाला, “सर, यात पण एखादा विनोदी माणूस असता तर बरं झालं असतं.” मी विचारले, “कोण?” तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, “काशीनाथच. त्याला जरा बोलू द्यायला पाहिजे होतं.” मी काही बोललो नाही. बागुलांबद्दल असे कोणी म्हणावे हे माझ्या पिढीला सुचले नसते. पण हा मुलगा त्या कथेतल्या मार खाणाऱ्याकडे पाहत नव्हता. सुरी काढणाऱ्याकडे पाहत होता आणि त्याच्या तोंडी त्याला विनोद हवा होता. त्याने तसे काही लिहिले तर ते या पानांवर यावे, असे मी त्याला सांगितले आहे. अजून काही आणून दिलेले नाही. परीक्षा चालू आहेत.

आमचे सध्याचे घर वस्तीपासून दोन स्टॉपवर आहे. मालक आगरी गृहस्थ आहेत. त्यांनी पहिल्याच दिवशी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिले आणि खिळा भिंतीत नीट बसत नाही म्हणून स्वतःचे ड्रिल आणून दिले. दिवाळीनंतर पुन्हा ‘बनवाबनवी’ दाखवायचा आहे. या वेळी आदल्या तासाला बागुल वाचणार आहोत. वडील येतो म्हणाले आहेत. खुर्ची नको, पुढे जमिनीवरच बसतो, तिथून बेर्डे नीट दिसतो, असे त्यांनी आधीच बजावले आहे.